घरातल्या गॅसवर मऊ बरगड्या, आणि मेंदूतल्या जंतांची भीती

वर्षावास संपला की या पानाकडे खाण्यापिण्याचे प्रश्न जास्त येतात. ज्या घरांत तीन महिने वशाट शिजलेले नसते, तिथे पुन्हा मटणाचा वास येऊ लागतो आणि त्याबरोबर शंकाही येतात. यंदाचा पहिला फोन नायगावहून आला. एक भगिनी बोलत होत्या.

"सिस्टर, जय भीम. पोरगा हैदराबादला कामाला हाय, चार दिवस गावी आलाय. तिकडं हॉटेलात डुकराच्या बरगड्या खाऊन आलाय, बार्बेक्यू का काय म्हणतेत ते. आता घरातच कोळशाची शेगडी पेटवून करू म्हणतोय. अंगणात करावं तर गल्लीतले नाक मुरडतेत, म्हणून दार लावून करू म्हणतो. मागच्या खेपेला मी कुकरात केलं होतं, तर चामड्यावानी वातड झालं. आन् जाऊबाई म्हणतेत, डुकराचं खाल्लं की मेंदूत किडे होतेत. काय करावं?"

फोनवर जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पण हे प्रश्न एका घरापुरते नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. आपल्या सगळ्याच घरांत डुकराचे मटण शिजत होते असे नाही. काही घरांत ते आवडीने खात, काहींत नाव काढलेले चालत नसे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि बोकडाचे मटण परवडेना, तेव्हा माझ्या ओळखीच्या काही घरांत ते नव्याने आले. नव्याने आलेली वस्तू शिजवायची कशी हे आजी-आईकडून शिकायला मिळत नाही. त्यातून असे फोन येतात.

आधी शेगडीचे बोलू, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

दार-खिडक्या लावून घरात कोळसा पेटवायचा नाही. मग तो स्वयंपाकाचा असो, थंडीत शेकायचा असो, की हॉटेलात दिसतो तसला बार्बेक्यूचा असो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, म्हणून माणूस खिडकी उघडतो. पण कोळसा लालबुंद झाला की धूर थांबतो आणि आपल्याला वाटते आता धोका गेला. धोका तेव्हाच असतो. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. मग श्वास चालू असतो, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, हातापायांतली शक्ती जाते, झोप यायला लागते. झोप लागली की संपले.

नोकरीत असताना एका थंडीत शेगडी उशाला ठेवून झोपलेली तीन माणसे आमच्याकडे आणली होती. दोघे वाचले. त्या घरात कुणालाच शेवटपर्यंत खरे वाटले नाही की न दिसणाऱ्या वायूने माणूस मरतो. ते म्हणत होते जेवणात काहीतरी गेले असेल. असा संशय आला तर दारे उघडा, माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. लिंबूपाणी पाजत, कांदा हुंगवत वेळ घालवू नका.

तर मुलाला सांगा, शेगडी नको. कोळशाशिवायही बरगड्या हॉटेलातल्यासारख्या होतात. उलट ज्यामुळे त्या मऊ होतात त्यात कोळशाचा वाटा फार थोडा आहे.

मागच्या वेळी मटण वातड का झाले ते समजून घेऊ. मी त्यांना विचारले, कुकरला किती शिट्ट्या दिल्या? म्हणाल्या, मोठ्या गॅसवर तीन, मग शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढली. सगळी गोम तिथेच आहे.

बरगडीचे मांस म्हणजे नुसते मांस नव्हे. डुकराची छाती दिवसभर श्वासाबरोबर हलत असते, त्यामुळे तिथल्या मांसात चिवट पांढरे धागे आणि पापुद्रे भरपूर असतात. हेच धागे मांसाला हाडाशी बांधून ठेवतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. मांस तापू लागले की दोन गोष्टी घडतात, आणि त्या एका वेळी घडत नाहीत. साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान मांसाचे तंतू आक्रसतात आणि पिळलेल्या कपड्यासारखे आतले पाणी बाहेर टाकतात. या टप्प्यावर मांस सर्वांत कडक असते. कोलॅजन ७० अंशांच्या पुढे विरघळायला लागते आणि ८५ ते ९५ अंशांवर, तेही बराच वेळ मिळाला तर, त्याचे जेलीसारखे मऊ जिलेटिन होते. पाया सूप थंड झाल्यावर थिजते ना, तेच हे. ते जिलेटिन सुटलेल्या तंतूंमध्ये शिरते, म्हणून मांस पुन्हा रसाळ लागते आणि हाडापासून आपोआप सुटते.

म्हणजे तीन शिट्ट्यांवर उतरवलेले मटण कच्चे नव्हते. ते बरोबर मधल्या कडक टप्प्यावर अडकले होते. अशा वेळी आपण म्हणतो, जास्त शिजले म्हणून वातड झाले. बहुतेक वेळा ते कमी वेळ शिजलेले असते. त्यात वाफ एकदम सोडली की आतला रस उकळून बाहेर पडतो, मांस आणखी कोरडे होते.

आपल्या आया-आज्यांना कोलॅजनचे नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. माझी आई गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीचे नाहीतर जर्मनचे पातेले ठेवायची, झाकण म्हणून वर खोलगट ताट, आणि त्या ताटात पाणी. आतली वाफ ताटाला लागून पुन्हा पाणी होऊन आत पडायची. ताटातले पाणी कोमट झाले की तेच थोडे थोडे मटणात सोडायचे. शेतातून परत येईपर्यंत तीन तास पातेले तसेच. अख्ख्या पातेल्याला तेल पळीभरसुद्धा नसायचे, कारण घरात तेवढेच असायचे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची अशी नोंद केली आहे. ते पुस्तक आले २०१५ साली, आता त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे. घरात तरुण मुले असतील तर त्यांना जरूर वाचायला द्या. चान्या म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही अशी आपली मुले आता कॉलेजात आहेत.

आणि मुलगा ज्या बार्बेक्यूचे कौतुक करतो त्याची गोष्टही फार वेगळी नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात खड्ड्यातल्या मंद विस्तवावर रात्रभर मांस शिजवण्याचे कष्टाचे काम गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या हातात होते. पुढे गुलामगिरी गेली, कारागिरी राहिली. कॅन्सस सिटी या शहरात हेन्री पेरी नावाच्या काळ्या माणसाने १९०८ च्या सुमारास असे मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली. आज ते शहर जगभर बार्बेक्यूसाठी ओळखले जाते. चिवट भागाला वेळ देऊन मऊ करणे ही ज्यांच्या वाट्याला चांगला तुकडा येत नाही त्यांचीच विद्या आहे, तिकडेही आणि इकडेही.

आता प्रत्यक्ष कृती. एक किलो बरगड्यांचे प्रमाण देते, चार-पाच माणसांना पुरे होते.

खरेदी करताना एवढे बघा. जनावर आज कापलेले आहे का आणि कुठे पाळलेले आहे ते विचारा. बांधून, दाणा घालून पाळलेले डुक्कर आणि उकिरड्यावर, नालीत मोकाट फिरणारे डुक्कर यात फार फरक आहे. का ते पुढे येईल. मांस फिकट गुलाबी ते लालसर हवे, चिकट नको, आंबूस वास नको. आजारी किंवा मेलेल्या जनावराचे मांस कितीही स्वस्त मिळाले तरी घ्यायचे नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडा असे सांगितले ते स्वाभिमानासाठी. आरोग्याच्या पुस्तकातही तेच लिहिलेले आहे.

आपल्याकडचे विक्रेते कोयत्याने बारीक खांडोळ्या करून देतात. हाडाची कुसळे त्यातच राहतात आणि लहान मुलांच्या घशाला लागतात. त्यापेक्षा दोन किंवा तीन बरगड्यांची सलग पट्टी ठेवायला सांगा. घरी आल्यावर पट्टीच्या आतल्या, म्हणजे हाडाकडच्या बाजूला पातळ चमकदार पापुद्रा दिसेल. सुरीच्या टोकाने एका कोपऱ्यात उचलून कोरड्या फडक्यात धरून ओढला की सरळ निघतो. तो राहिला तर मसाला आत जात नाही आणि दाताखाली रबर आल्यासारखे लागते. वरची जाड चरबी कापून टाका, पातळ थर राहू द्या. नळाखाली धो धो धुवू नका, शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. एका पातेल्यात हलकेच धुऊन ते पाणी टाकून द्या.

दोन सपाट चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद, एक चमचा तिखट आणि दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण चोळून झाकून ठेवा. फ्रीज असेल तर रात्रभर, नसेल तर अर्धा तास पुरे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कच्चे मटण तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. काही जणी कच्ची पपई लावतात. तिने वरचा भाग भुसभुशीत होतो, आतला धागा तसाच राहतो, म्हणून बरगडीला तिचा विशेष उपयोग नाही. खाण्याचा सोडा तर घालूच नका, साबणासारखी चव येते.

पाच लिटरच्या कुकरमध्ये बरगड्या उभ्या-आडव्या लावा, दीड वाटी पाणी घाला. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा, मग एकदम बारीक, आणि घड्याळ लावून २५ मिनिटे. शिट्ट्या मोजू नका. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून चुलीवरच्या तीन तासांचे काम इथे अर्ध्या तासात होते. गॅस बंद केल्यावर कुकरला हात लावायचा नाही. वाफ आपली आपण जिरू द्या, पंधरा-वीस मिनिटे लागतील. झाकण उघडून एक हाड चिमट्याने धरून फिरवून बघा. मांसात ते सैल फिरले तर झाले. घट्ट असेल तर पुन्हा दहा मिनिटे. जनावर मोठे असेल तर लागतात तेवढी.

बरगड्या अलगद ताटात काढा आणि रस्सा वेगळ्या भांड्यात ओता. रस्सा थंड झाला की चरबी वर तरंगते, फ्रीजमध्ये ठेवली तर पांढरी वडी होते. ती काढून टाका. भाजीत वापरू, पोळीला लावू असा मोह होतो, पण ज्यांच्या घरी रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे त्यांनी तो आवरावा.

आता वरचा लेप. हॉटेलातल्या बाटलीबंद सॉसमध्ये असते काय? आंबट, गोड, तिखट आणि धुराचा वास. आंबटाला आपल्याकडे चिंच आहे, गोडाला गूळ, तिखटाला कुणी कमी नाही. चरबी काढलेला दोन वाट्या रस्सा स्टीलच्या कढईत घ्या, त्यात अर्धी वाटी चिंचेचा दाट कोळ, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, ठेचलेल्या आठ-दहा लसूणपाकळ्या, चमचाभर काळा मसाला आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून आटवा. चिंच अॅल्युमिनियमच्या भांड्यात उकळू नये. दाट व्हायला चमचाभर येसर पाण्यात कालवून सोडला तर फार छान लागते. हे कुठल्या हॉटेलात मिळणार नाही. पळीच्या पाठीवर लेप बसला की गॅस बंद. मीठ आता चाखून बघा, आधी नाही, कारण रस्सा आटला की खारटपणा वाढतो.

गूळ-चिंच कुकरमध्ये आधीच घालायचा आळस करू नका. गूळ तळाला लागून करपतो. तो शेवटीच.

भाकरीचा लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. बरगड्यांना लेप लावून एकेक बाजू दोन-तीन मिनिटे ठेवा, पुन्हा लेप लावून उलटा. लेप चकचकीत, गडद तपकिरी व्हायला हवा. काळा झालेला भाग खरवडून टाका. करपलेल्या मांसात कर्करोगाला निमित्त होणारी द्रव्ये तयार होतात. पापडाच्या जाळीवर थेट गॅसच्या ज्योतीवर भाजू नका, चरबी बर्नरवर गळून भडका उडतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी कुकर न वापरता फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून १५० अंशांवर दोन ते अडीच तास ठेवावे आणि मग उघडून, लेप लावून, वरच्या आचेवर आठ-दहा मिनिटे. चव थोडी उजवी येते हे खरे, पण विजेचे बिलही येते.

धुराचा वास हवाच असेल तर एक सुपारीएवढा निखारा पुरे. दार-खिडकी उघडी ठेवून तो वाटीत ठेवा, वाटी बरगड्यांच्या मधोमध, वर थेंबभर तेल आणि दोन मिनिटे झाकण. नंतर निखारा बाहेर नेऊन पाण्यात विझवा, मोरीत तसाच टाकून झोपायला जाऊ नका.

आता जाऊबाईंच्या शंकेकडे येते. ही शंका मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे, आणि ती अर्धी खरी आहे. अर्धे खरे फार घोटाळा करते.

पट्टकृमी नावाचा एक लांब चपटा जंत आहे, आपण टेपवर्म म्हणतो. माणसाच्या आतड्यात तो दोन ते सात मीटर लांब वाढतो आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. शौच उघड्यावर झाले आणि ते मोकाट डुकराने खाल्ले की अंड्यांतून निघालेली अळी डुकराच्या स्नायूंत जाऊन बसते. तिथे भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पांढुरक्या फोडी दिसतात. असे मांस दिसले तर परत करा. पुरते न शिजवलेले असे मांस माणसाने खाल्ले की त्याच्या आतड्यात नवा पट्टकृमी वाढतो. पोटात जंत होतो, मेंदूत नाही. इथपर्यंत मांसाचा संबंध.

मेंदूत जे होते त्याचा रस्ता दुसरा आहे. ज्याच्या आतड्यात हा जंत आहे त्याच्या शौचातली अंडी दुसऱ्या कुणाच्या, किंवा त्याच्या स्वतःच्याच, तोंडात गेली तर त्या अंड्यांतल्या अळ्या डुकराच्या शरीरात करतात तेच माणसाच्या शरीरात करतात. त्या रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन फोडी करून बसतात. याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. यातून फिट्स येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ज्या भागांत माणसे आणि मोकाट डुकरे शेजारी राहतात तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा जंत असतो. अंडी तोंडात जातात ती न धुतलेल्या हातांनी, नालीच्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबीर-गाजर-मुळ्यावाटे, दूषित पाण्यावाटे. म्हणून ज्याने आयुष्यात डुकराचे मटण चाखलेले नाही त्यालाही हा आजार होतो.

याचा एक नमुना डॉक्टरांच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. न्यू यॉर्क शहरातल्या कर्मठ ज्यू समाजातल्या चार जणांना हा आजार झाल्याचे १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये छापून आले. त्या समाजात डुकराचे मांस पूर्ण वर्ज्य. शोध घेतला तेव्हा संशय गेला घरात स्वयंपाकाला येणाऱ्या कामगारांवर. ज्या देशांत हा जंत आहे तिथून त्या आल्या होत्या आणि एकीच्या आतड्यात तो सापडला. यावरून कामवाल्यांना नावे ठेवायची नाहीत. त्यांना स्वतःला तरी कुठे ठाऊक होते? या जंताची बहुधा कसलीच लक्षणे दिसत नाहीत.

म्हणून जाऊबाईंना सांगावे, नीट शिजलेल्या बरगडीने मेंदूत किडे होत नाहीत. आतपर्यंत ७० अंश तापलेल्या मांसात ही अळी जिवंत राहत नाही, आणि आपण तर मऊ करण्यासाठी त्याच्या कितीतरी पुढे जात आहोत. मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजले म्हणजे ते सुरक्षित झालेच. धोका आहे तो बाहेर भाजलेल्या, आत गुलाबी राहिलेल्या तुकड्यात, आणि कच्चे मांस कापलेल्या सुरीनेच कांदा-काकडी चिरण्यात. सुरी, पाट, हात साबणाने धुवा. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला बसण्याआधी साबण, राख किंवा माती नव्हे. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. शौचात पांढऱ्या चपट्या फितीसारखे तुकडे दिसले तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा, गोळीने जंत जातो. पण ज्याला फिट्स येतात त्याने मेडिकलमधून जंताचे औषध आणून परस्पर घेऊ नये. मेंदूत फोडी असतील तर औषधाने तिथे सूज येऊन फिट वाढू शकते. आधी डॉक्टर, गरज असेल तर स्कॅन.

मला जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पोरीला फिट आली की आधी देवऋषी, मग अंगारा, मग गुपचूप. सोयरीक मोडेल म्हणून औषध चालू करत नाहीत. चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. जंतामुळे आलेली फिट योग्य औषधाने बहुतेकांची आटोक्यात येते. बाकी, गल्लीत डुकराला पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्याला खायला काय मिळते आणि ते तिथे कुणी टाकले हेही बघावे. घाण डुकराने केलेली नसते.

स्वाइन फ्लूचेही विचारतात. २००९ साली पुण्यात त्याची साथ पसरली तेव्हापासून ही भीती आहे. तो माणसाच्या खोकल्या-शिंकेतून पसरतो, शिजवलेल्या मटणातून नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, विशेषतः विहारात जाणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून: बौद्धाने हे खावे का? महापरिनिब्बान सुत्तात चुंदाने भगवंतांना दिलेल्या भोजनातला 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मऊ मांस की एखादी कंद-अळंबी, यावर विद्वानांत मतभेद आहेत. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहारावर वेगळे प्रकरणच लिहिले आहे, ज्यांना खोलात जायचे त्यांनी ते वाचावे. मला त्या प्रसंगात वेगळेच काही मोठे वाटते. आपल्या भोजनाने तथागत आजारी पडले असे वाटून चुंदाला पश्चात्ताप होऊ नये, म्हणून त्याचे मन हलके करायला भगवंतांनी आनंदाला सांगितले. कुणी काय शिजवले यावरून त्याला कमी लेखू नये. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये.

किती खावे हे मात्र आरोग्य पानाने सांगायलाच हवे. डुकराच्या मांसात प्रथिने आणि ब-१ जीवनसत्त्व चांगले असते, लोहही असते, आणि मांसातले लोह पालेभाजीतल्यापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. पण बरगडी हा चरबीचा भाग आहे, लेपात गूळ आहे, आणि गूळ म्हणजे साखरच. मधुमेह्याने गुळाला सूट देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये डुकराच्या मांसासह सगळ्या लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले, आणि बेकन, सॉसेजसारख्या मुरवलेल्या-टिकवलेल्या मांसाला 'निश्चित' गटात. तेव्हा घरची ताजी बरगडी महिन्यातून एक-दोनदा, सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, अंबाडीची भाजी. रोजचे नको. बाहेरगावी हॉटेलात दिसणारे पाकीटबंद सॉसेज तर त्याहून नको.

आणि नायगावच्या भगिनीला मी शेवटी विचारले, तुमच्या ताटात किती येणार? त्या हसल्या. म्हणाल्या, "उरलं तर." राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे हे सरकारच्याच पाहणीत आहे, आणि घरात मांस येते त्या दिवशी वाढणारीच्या ताटात रस्सा आणि हाडे येतात. सलग पट्टी ठेवण्याचा हा एक फायदा आहे, बरगड्या मोजता येतात. एक किलोत साधारण बारा-चौदा. माणसे मोजा आणि आधी वाटे काढा, मग वाढा.

उरल्याच तर दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, झाकून फ्रीजमध्ये. दोन दिवस टिकतात. पुन्हा खाताना त्यात चार चमचे रस्सा किंवा पाणी घालून झाकण ठेवून वाफ निघेपर्यंत गरम करायचे, नुसते तव्यावर परतले तर पुन्हा वातड होतात. फ्रीज नसेल तर उरवूच नका, शेजारी पाठवा. जो नाक मुरडतो त्याच्या घरी आधी.